मुलांच्या देशात आपण पाहुणेच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सचिव साहेबांनी मला सांगितले, "काका, तुम्ही बँकेतले, ज्येष्ठांच्या गुंतवणुकीवर वीस मिनिटे बोला." मी हो म्हटले. पण परवा संध्याकाळी बाकावर बसून सहज हिशोब केला. आपल्या बत्तीस घरांपैकी अकरा घरांतली मुले परदेशात आहेत. त्या बाकावर व्याजदराची चर्चा पाच मिनिटे होते आणि व्हिसाची तासभर. म्हणून विषय बदलतो. निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशात जाऊन राहता येते का, आणि त्याचे नियम आपल्या डोळ्यांदेखत कसे बदलत गेले, हे सांगतो. मी वकील नाही. जे स्वतः भोगले आणि जे वाचून पडताळले, तेवढेच सांगेन. आमच्या सौ. पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काही वाढवून सांगितले तर त्या तिथूनच खोकतील.

माझा जन्म १९४९ चा. नोकरी सहकारी बँकेत, त्यामुळे पेन्शन नावापुरती. मुलगा एकच. तो २००४ मध्ये इंग्लंडला गेला. २००७ मध्ये मी निवृत्त झालो आणि २०१० मध्ये आम्ही दोघे पहिल्यांदा त्याच्याकडे सहा महिने राहून आलो. तिथे गणपतीत आमच्यासारखी काही जोडपी भेटली. मुलांच्या मागे गेलेली आणि तिथेच कायमची राहिलेली. तेव्हाचा नियम असा होता की आईवडिलांपैकी एकाने पासष्ट पूर्ण केलेली असावीत, ते मुख्यतः मुलाच्या पैशावर अवलंबून असावेत आणि मायदेशी त्यांना बघणारे दुसरे जवळचे कोणी नसावे. मग कायम राहण्याची परवानगी मागता येत असे. आमच्या बाबतीत सगळे जुळत होते. फक्त माझी पासष्टी २०१४ मध्ये भरणार होती. मी बँकेचा माणूस. मुदत ठेव लावून बसावे तसा बसलो.

२०१२ च्या सुरुवातीला मुलाने तिकडे घर घ्यायचे ठरवले. खाली एक खोली आमच्यासाठी. त्याला हातभार म्हणून मी इथला फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक मिळाले, एक्कावन्न हजार इसार घेतला, संस्थेकडे ना-हरकत पत्राचा अर्जही दिला. आपले तेव्हाचे सचिव घरी आले. मूळचे सिंदेवाहीकडचे, बोलणे सरळ. म्हणाले, "काहून विकता जी साहेब? कुलूप लावून जा ना. दोन वर्षं राहून पाहा, मंग विका." मला तेव्हा ते आवडले नाही. वाटले, हे मुद्दाम अर्ज लांबवतात.

जून महिन्यात मुलाचा फोन आला. इंग्लंडच्या सरकारने नियम बदलला होता आणि ९ जुलै २०१२ पासून तो लागू होणार होता. पासष्टीची अट गेली, पण तिच्या जागी जे आले ते भारी होते. आता आईवडिलांना म्हातारपणामुळे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांसाठी, म्हणजे अंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक, यासाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे. आणि ती मदत मायदेशात, मुलाने पैसे पाठवले तरीसुद्धा, मिळत नसली किंवा परवडत नसली पाहिजे. शिवाय अर्ज इथूनच करायचा. कारण सरकारी भाषेत करदात्यांवरचा बोजा. साध्या भाषेत सांगायचे तर म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा.

ठेव पिकायला दोन वर्षे उरली होती आणि योजनाच बंद झाली.

मी इसार परत केला. ज्यांनी तो दिला होता त्यांनी एक शब्द वाकडा बोलला नाही. पुढे त्यांनी याच संस्थेत दुसऱ्या विंगमध्ये फ्लॅट घेतला आणि आत्ता ते चौथ्या रांगेत बसून हसत आहेत. पण मित्रहो, ना-हरकत पत्र पंधरा दिवस आधी हातात पडले असते तर आज मी तुमच्यापुढे सभासद म्हणून उभा नसतो. भाड्याने कुठे राहत असतो, देव जाणे.

आता दुसरी गोष्ट. २०१८ च्या पावसाळ्यात सौ. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. तिसरा मजला, तेव्हा लिफ्ट नव्हती. आपल्याच चार मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले. एकाने गाडी काढली आणि आधी इथल्या दवाखान्यात, मग रात्रीच नागपूरला. शस्त्रक्रिया झाली. पुढचे तीन महिने बल्लारपूरहून एक मावशी रोज येत. समोरच्या वहिनींचा डबा, वरच्या मजल्यावरच्या सिस्टर मुलीची ड्रेसिंग. मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून आला आणि परत जाताना म्हणाला, "बाबा, आता तरी अर्ज करू. आता आई नियमात बसेल."

तिकडच्या वकिलाने मला फोनवर प्रश्न विचारले. रोजच्या कामांना मदत लागते का? लागते. ती मदत कोण करते? मी एकेक नाव सांगत गेलो. मावशी, वहिनी, सिस्टर, खालचा मुलगा. पैसे कोण देते? मुलगा पाठवतो. वकील थांबला आणि म्हणाला, मग अर्ज टिकणार नाही, कारण तुम्हाला तिथे मदत मिळते आहे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसलो. आपली माणसे चांगली आहेत म्हणून व्हिसा नाही, असा हा नियम. आधी राग आला. मग वाटले, खोटे लिहून द्यायचे का, की आम्हाला इथे कोणीच नाही? सौ. म्हणाल्या, "ज्यांनी खुर्चीतून उतरवलं, त्यांना कोणीच नाही म्हणायचं का?" अर्ज केला नाही.

हे फक्त इंग्लंडचे नाही. आपल्या घरांतली मुले जिथे आहेत त्या देशांचे थोडक्यात सांगतो.

अमेरिका. तिथे नागरिक झालेला, एकवीस वर्षे पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना ग्रीन कार्डसाठी बोलावू शकते. नुसते ग्रीन कार्ड असलेला किंवा एच-वन बी वर असलेला मुलगा बोलावू शकत नाही. बाकीच्यांना पाहुण्यांचा व्हिसा. तो दहा वर्षांचा मिळतो, पण म्हणून दहा वर्षे राहता येत नाही. विमानतळावरचा अधिकारी जी तारीख देतो तीच खरी, साधारण सहा महिन्यांची. ती चुकवू नका. आणखी एक, पूर्वी ऐंशीच्या पुढच्यांना बहुधा मुलाखतीला जावे लागत नसे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत गेली. जुना पाहुणा-व्हिसा संपून वर्ष झालेले नसेल तर नूतनीकरणात अजून सूट आहे. म्हणून व्हिसाची तारीख आजच पाहून ठेवा. नाही तर ऐंशीच्या आजीला रात्रभर गाडीत बसवून मुंबई गाठावी लागेल.

कॅनडा. कायम राहण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, नंबर लागेल तेव्हा. पण सुपर व्हिसा चांगला आहे. तो डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा एका खेपेला दोन वर्षे राहता येत असे. जुलै २०२२ पासून पाच वर्षे. निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.

ऑस्ट्रेलिया. साध्या पालक-व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास. सत्तराव्या वर्षी अर्ज करायचा म्हणजे शंभरीची तयारी ठेवायची. पैसे भरून लवकर मिळणारा प्रकार आहे, त्याला माणशी पंचवीस लाख रुपयांहून जास्त लागतात आणि तरीही दहा-बारा वर्षांहून अधिक थांबावे लागते. २०१९ पासून तात्पुरता पालक-व्हिसा आहे, तीन किंवा पाच वर्षांचा, सगळे मिळून दहा वर्षांपर्यंत. न्यूझीलंडनेही २९ सप्टेंबर २०२५ पासून पाच वर्षांचा असाच व्हिसा सुरू केला, तोही पुढे दहापर्यंत नेता येतो.

मुले नसताना नुसते पैशाच्या बळावर निवृत्त होऊन राहायचे देशही आहेत. थायलंडमध्ये पन्नाशी पूर्ण आणि बँकेत आठ लाख बाहत असे गणित बरीच वर्षे आहे. मलेशियाने २०२१ मध्ये महिन्याच्या उत्पन्नाची अट दहा हजार रिंगिटवरून एकदम चाळीस हजारांवर नेली. आधी जाऊन बसलेल्यांच्याही पोटात गोळा आला.

या सगळ्यांत मला एकच दिशा दिसते. मुक्काम लांबवायला हे देश तयार आहेत, रहिवासी करून घ्यायला तयार नाहीत. पाच वर्षे राहा, पण विमा तुमचा, औषध तुमचे, आणि मुदत संपली की निघा. इंग्लंडमध्ये पाहुणा म्हणून सरकारी रुग्णालयात दाखल झालात तर बिल दीडपट दराने येते. त्यांचा देश आहे, त्यांनी ठरवावे. आपण मात्र हे ओळखून वागावे.

आता उलट बाजू बघा. आमचा मुलगा २०१६ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत केला आणि ओसीआय कार्ड घेतले. २००५ च्या कायद्याने आलेले हे कार्ड असले की त्याला इथे मुदतीशिवाय, आयुष्यभर राहता येते. मतदान नाही, आणि शेती विकत घेता येत नाही. मूल तालुक्यातली आमची तीन एकर धानाची जमीन त्याला वारसाने मिळेल, पण बांधापलीकडचा एक एकर तो विकत घेऊ शकणार नाही. तरी बघा, परदेशी झालेल्या मुलाला आपला देश जन्मभर राहू देतो आणि मुलाचा देश त्याच्या आईबापाला एका खेपेला सहा महिने. पण आपणही फार फुगून जाऊ नये. भारताशी जन्माचे किंवा लग्नाचे नाते नसलेल्या परदेशी माणसासाठी आपल्याकडे निवृत्तीचा व्हिसा नाहीच.

मला माझ्या नोकरीची पहिली वर्षे आठवतात. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी सारा चांदा जिल्हाच. मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे सरकारने वसवली होती. पीककर्जाच्या तपासणीला मी एका म्हाताऱ्या बाबांच्या घरी गेलो. मी सातबारा मागितला. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, मेणकापडाची गुंडाळी सोडली आणि आधी निर्वासित म्हणून नोंद झाल्याचा कागद पुढे केला, मग सातबारा. मी म्हटले, हा नको. ते म्हणाले, "आधी हा, बाबू." तेव्हा मला ते वेडेपण वाटले होते. २०१० मध्ये मुंबईत व्हिसाच्या रांगेत फाइल छातीशी धरून उभा होतो, तेव्हा ते बाबा आठवले. आपण इथले आहोत हे कोणाला दाखवावे लागत नाही, हे किती मोठे सुख आहे ते रांगेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

आता कामाच्या चार गोष्टी, बँकेच्या सवयीने.

एक. घर विकून जाऊ नका. कुलूप लावा, देखभाल खर्च वेळेवर भरा. ना-भोगवटा शुल्क भाड्याने दिलेल्या घराला असते, कुलूपबंद घराला नाही.

दोन. जास्त काळासाठी जात असाल तर बँकेला कळवा. अनिवासी झालात तर साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ करावे लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी असताना नवे पैसे ठेवता येत नाहीत.

तीन. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. जाण्याआधी एकदा इथेच करून पाहा, तिकडे गेल्यावर शिकू नका.

चार. संस्थेत नामनिर्देशन भरा आणि मृत्युपत्र वेगळे करा. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मुलगा परदेशी नागरिक असेल तर हे दुप्पट खरे.

आणि शेवटी एक मागणी. रौप्यमहोत्सवात आपण कमान उभारली, जेवण केले, ही स्मरणिका काढतो आहोत. त्याबरोबर एक साधी वही सुरू करावी. ज्या घरात साठीच्या पुढची माणसे एकटी-दुकटी राहतात त्यांची नोंद. मुलांचे फोन नंबर, तिकडे किती वाजलेले असतात ते, रक्तगट, डॉक्टर, विम्याचा क्रमांक, जादा किल्ली कोणाकडे. वही कार्यालयात कुलपात राहील. दर महिन्याला कोणीतरी एकाने बेल वाजवून माहिती बरोबर आहे का एवढे विचारायचे. समितीने परवानगी दिली तर पहिले वर्ष हे काम मी करतो. पहिल्या पानावर आमच्या दोघांची नावे लिहूनच आणली आहेत.

मुलगा येत्या मे महिन्यात येतो आहे. चंद्रपूरच्या उन्हात, मे महिन्यात! मी म्हटले, अरे थंडीत ये. म्हणाला, मुलांच्या परीक्षा तेव्हाच संपतात. आम्हीही पुढच्या वर्षी जाऊ, सहा महिन्यांसाठी, परतीचे तिकीट काढून. किल्ली समोरच्या वहिनींकडे असेल.

सचिव साहेब, वीस मिनिटे झाली. घंटा वाजवायची गरज नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.