जिंकलेला वादविवाद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निवेदकांनी माझी ओळख 'खास ऑस्ट्रेलियाहून आलेल्या' अशी करून दिली. खास वगैरे काही नाही. आईला भेटायला यायचंच होतं, तारखा जुळल्या इतकंच. संयोजकांनी मला 'परदेशातील माझे अनुभव' असा विषय दिला होता. मी त्यांना विचारलं, त्याऐवजी आपल्या शाळेतल्या एका वादविवादाचं राहिलेलं उत्तर दिलं तर चालेल का? ते म्हणाले, दे, पण पंधरा मिनिटांत दे.

तर १९८९ साल आठवा. आंतरशालेय वादविवाद स्पर्धा. विषय होता, 'अमली पदार्थांची तस्करी करणाऱ्यांना फाशीच दिली पाहिजे.' मी अनुकूल बाजूनं बोलले. त्या काळात मुंबई-पुण्यात गर्दनं घरं उद्ध्वस्त होत होती. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं होतं, अनिल अवचटांचं 'गर्द' आमच्या बाईंनी मला वाचायला दिलं होतं. शिवाय माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता. केंद्र सरकारनं अमली पदार्थांच्या कायद्यात नुकतीच दुरुस्ती केली होती. ठरावीक वजनापेक्षा जास्त मालाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशीच, न्यायाधीशांना दुसरा पर्यायच नाही. मी टेबलावर हात आपटून ते सांगितलं.

प्रतिकूल बाजूनं बोलणारा आपल्याच वर्गातला होता. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मघापासून हसतोय. त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता : "पकडला जातो तो मालक असतो की हमाल?" मी उत्तर दिलं होतं, "साप मोठा असो की पिल्लू, विष तेच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. फिरती ढाल आपल्याला मिळाली. त्याला उत्तेजनार्थही मिळालं नाही. पण माझं ते उत्तर नव्हतं, ती टाळी होती. उत्तर आज देते.

१९९९ साली मी मेलबर्नला गेले. मी फार्मासिस्ट आहे. तिथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि रिचमंड भागातल्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागले. त्या भागात तेव्हा हेरॉइनचा सुळसुळाट होता. १९९९ या एका वर्षात ऑस्ट्रेलियात अशा मादक द्रव्यांच्या अतिसेवनानं हजारावर माणसं मेली. तिथं व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मेथाडोन नावाचं औषध साध्या औषधाच्या दुकानातूनच दिलं जातं. रुग्ण येतो, फार्मासिस्टसमोर तो डोस पितो आणि जातो. म्हणजे माझी सकाळ अशा लोकांनी सुरू व्हायची. कोणी गवंडी, कोणी कॉलेजातली मुलगी, कोणी दोन मुलांची आई. काहीजण सुधारायचे. काहीजण एक दिवस यायचे बंद व्हायचे, आणि मग कोणीतरी सांगायचं की तो गेला. तेव्हा माझी ढालवाली बाजू आणखी पक्की झाली, हे कबूल करते.

मग २ डिसेंबर २००५ उजाडला. मेलबर्नचा एक मुलगा, व्हॅन तुआँग न्विन, वय २५. व्हिएतनामी आई, मुलाचा जन्म निर्वासित छावणीतला. २००२ साली कंबोडियाहून सिंगापूरमार्गे मेलबर्नला येताना चांगी विमानतळावर त्याच्याकडे ३९६ ग्रॅम हेरॉइन सापडलं. जुळ्या भावाचं कर्ज फेडायला हे केलं, असं त्यानं सांगितलं. सिंगापूरच्या कायद्यात १५ ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइनची तस्करी केली की मृत्युदंड, आणि तोही तेव्हा सक्तीचा. हे काही लपवलेलं नव्हतं, तिथं उतरताना भरायच्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं असायचं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अनेकदा विनंती केली. उपयोग झाला नाही. त्याच्या आईनं शेवटचं एकदा मिठी मारू द्या म्हणून विनवलं. हात हातात घेण्याची परवानगी मिळाली, मिठीची नाही.

सिंगापूरचे सकाळचे सहा म्हणजे आमच्याकडचे नऊ. मी दुकान उघडत होते. सेंट इग्नेशियस चर्चची घंटा वाजायला लागली. त्याच्या वयाइतकी, २५ वेळा. रस्त्यात माणसं थांबली होती. त्या वेळी माझ्या दुकानात एक बाई उभ्या होत्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा हेरॉइननं गेला होता. घंटा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या मुलासाठी कोणी वाजवली नव्हती."

मित्रहो, या विषयावर मी गेल्या वीस वर्षांत पुष्कळ वाचलं, पण त्या एका वाक्याला बगल देऊन जे कोणी फाशीविरुद्ध बोलतात त्यांचं मला पटत नाही. ज्यांची मुलं गेली त्यांचा राग खरा आहे. ३९६ ग्रॅममधून किती जणांना किती डोस होतात, हा हिशेब माझ्या धंद्यातला आहे, मला तो करता येतो. पण दुसरा हिशेबही मला तिथंच कळला. तो मुलगा गेला, आणि पुढच्या सोमवारी माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत माल पूर्वीसारखाच मिळत होता. कारण माल पाठवणाऱ्याचं फक्त एक पोतं बुडालं होतं. हमाल काय, दुसरा मिळतो.

म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या मित्राचा प्रश्न बरोबर होता. सिंगापूरनंही पुढे तो अर्धामुर्धा मान्य केला. २०१२ साली त्यांनी कायदा बदलला. नुसता माल वाहणारा असेल आणि त्यानं टोळी पकडायला ठोस मदत केली असं सरकारी वकिलानं प्रमाणपत्र दिलं, तर न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप आणि फटके देऊ शकतात. ऐकायला चांगलं वाटतं. पण नीट विचार करा. ज्याला वरचं काही ठाऊक आहे तो वाचतो, आणि ज्याला कोणीच काही सांगितलेलं नाही, तो सगळ्यात खालचा हमाल, त्याच्याकडे द्यायला माहितीच नसते.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हमालाला सोडा. मुकादमाला तर द्या! मीही तेच म्हणत होते. मग 'बाली नाइन' प्रकरणानं तोही पाय घसरला.

एप्रिल २००५ मध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटावर नऊ ऑस्ट्रेलियन तरुण ८.३ किलो हेरॉइनसह पकडले गेले. त्यांतल्या एका मुलाच्या वडिलांना आधीच शंका आली होती. त्यांनी ओळखीच्या वकिलामार्फत ऑस्ट्रेलियन पोलिसांपर्यंत निरोप पोचवला की मुलाला इथंच अडवा. मुलगा विमानात बसला. ऑस्ट्रेलियन पोलिसांनी टोळीची माहिती इंडोनेशियाच्या पोलिसांना दिली होती, आणि मुलं अशा देशात पकडली गेली जिथं या गुन्ह्याला गोळ्या घालून मारतात. त्या मुलाला आधी जन्मठेप झाली, अपिलात देहदंड, आणि २०११ मध्ये पुन्हा जन्मठेप. एकच गुन्हा, एकच पुरावा. त्या वडिलांच्या जागी आपण प्रत्येकानं क्षणभर स्वतःला ठेवून बघावं.

अँड्र्यू चॅन आणि मयूरन सुकुमारन हे दोघं मात्र हमाल नव्हते. ते मुकादम होते, इतरांना कामाला लावणारे. त्यांना देहदंड झाला. पण शिक्षा होऊन ती अमलात यायला जवळपास नऊ वर्षं गेली, आणि त्या काळात बालीच्या केरोबोकान तुरुंगात सुकुमारन चित्रं काढायला शिकला, बेन क्विल्टी या नामवंत चित्रकारानं त्याला शिकवलं, मग त्यानं इतर कैद्यांसाठी चित्रकलेचे वर्ग चालवले. चॅन धर्मोपदेशक झाला, व्यसनी कैद्यांना आधार द्यायला लागला. तुरुंगाच्या माजी अधिकाऱ्यानंच त्यांच्या बाजूनं सांगितलं. २९ एप्रिल २०१५ च्या मध्यरात्रीनंतर नुसाकंबांगन बेटावर दोघांना इतर सहा जणांबरोबर गोळ्या घातल्या. पकडलेल्या मुकादमाला शिक्षा द्यायचीच होती, पण मारला तो माणूस तोवर मुकादम राहिला नव्हता. माझं ते सापाचं वाक्य तिथं खोटं ठरलं. दहा वर्षांनी साप सापच असतो, माणसाचं तसं नाही.

त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात जी चर्चा झाली तिच्यातून मला दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे प्रश्न कसा विचारला जातो. जानेवारी २०१५ मध्ये रॉय मॉर्गन संस्थेच्या पाहणीत ५२ टक्के लोक म्हणाले की परदेशात तस्करीबद्दल देहदंड झालेल्या ऑस्ट्रेलियनला तो दिला जावा. फेब्रुवारीत लोवी इन्स्टिट्यूटनं या दोघांबद्दल विचारलं, तर ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या होत्या, हे खरं. तरीही 'तस्कर' म्हटलं की हात वर होतो, आणि नाव, चेहरा, रडणारी आई समोर आली की तोच हात खाली येतो, हे मी माझ्या दुकानातल्या गप्पांतही रोज पाहत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळेच आपल्या माणसापुरते दयाळू असतात. ऑस्ट्रेलियानं राजदूत परत बोलावला. पंतप्रधान टोनी अॅबट यांनी त्सुनामीत केलेल्या मदतीची आठवण करून दिली, तर चिडलेल्या इंडोनेशियन लोकांनी ती मदत परत करायला नाणी गोळा करायला सुरुवात केली. ज्या बालीत २००२ च्या बॉम्बस्फोटांत ८८ ऑस्ट्रेलियन मेले, तिथल्या सूत्रधारांना २००८ मध्ये गोळ्या घातल्या तेव्हा हाच देश बराच शांत होता. इंडोनेशियाचंही तेच. त्याच एप्रिल २०१५ मध्ये सौदी अरेबियानं दोन इंडोनेशियन मोलकरणींना देहदंड दिला, तेव्हा इंडोनेशियानं निषेध नोंदवला. आणि आपण? २०१६ मध्ये जालंधरकडचा एक माणूस तस्करीच्या गुन्ह्यात त्याच नुसाकंबांगन बेटावर गोळ्यांच्या तोंडी होता. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या, आपल्या सरकारनं धावपळ केली, आणि तो त्या रात्री वाचला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. दोनच वर्षांनी पंजाब सरकारनं केंद्राकडे मागणी केली : तस्करांना पहिल्याच गुन्ह्याला फाशी द्या.

माझ्या हुकमाच्या पत्त्याचं काय झालं, तेही सांगते. २०११ साली आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं की न्यायाधीशाला पर्यायच न ठेवणारी फाशी घटनेच्या एकविसाव्या कलमात बसत नाही. २०१४ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. आता फाशी देता येते, पण सक्ती नाही. मलेशियानंही २०२३ मध्ये सक्ती काढून टाकली. शाळेत मी टेबलावर हात आपटून जे सांगितलं होतं, ते कायद्यातच उरलं नाही.

शेवटी सगळ्यात कामाचं. इथं बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं परदेशी आहेत, जात-येत असतात. मुंबईतल्या एका जोडप्याची गोष्ट तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. २०१९ मध्ये नात्यातल्याच बाईनं त्यांना कतारची सहल घडवली आणि जाताना एक पुडकं दिलं, जर्दा आहे म्हणून. निघाला चार किलो चरस. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती गरोदर होती, मूल तुरुंगात झालं. घरच्यांनी इकडे पुरावे गोळा केले, नार्कोटिक्स ब्युरोनं तपास केला, आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटून परत आली. दहा वर्षांच्या शिक्षेत चूक सुधारायला वेळ मिळाला. सिंगापूरच्या कायद्यात माल तुमच्याजवळ सापडला की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊकच होतं असं गृहीत धरतात. ठाऊक नव्हतं हे सिद्ध करायचं तुम्ही. मग सांगा, मावशीनं जर्दा म्हणून दिला होता, हे तुम्ही कशानं सिद्ध कराल? तेव्हा मुलांना सांगा : बॅग स्वतः भरायची आणि कितीही जवळच्यानं दिलेलं असो, बंद पुडकं घ्यायचं नाही. लोणच्याची बरणीसुद्धा उघडून बघायची. राग आला तर येऊ दे.

त्या बाईंना, ज्यांच्या मुलासाठी घंटा वाजली नाही, मी त्या दिवशी काहीच बोलू शकले नाही. आज विचारलं तर म्हणेन, तस्कराला पकडा, वर्षानुवर्षं आत ठेवा, त्याच्या वरच्याला शोधा, तुमच्या मुलासारख्यांना औषध द्या. त्यातलं मला जमेल ते मी रोज सकाळी करते. पण अजून एका आईचा मुलगा नेल्यानं तुमचा परत आला असता, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

ती ढाल अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे, मी मघाशी पाहिली. माझं नाव राहू द्या. पण मुख्याध्यापकांना एक विनंती आहे : हाच विषय मुलांना पुन्हा द्या आणि बाजू चिठ्ठ्या टाकून वाटा. आणि तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हमाल' असं आहे. उशीर झाला, माफ कर. जेवताना तुझ्याशेजारी बसते, उत्तेजनार्थ म्हणून माझ्या ताटातली एक जिलबी तुला.