आधी घरातलं विचारा

मंडळी, मेंदू म्हणजे काय, चेतापेशी कशा असतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. त्यात वेळ घालवत नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या आजारांचा माग काढणाऱ्या एका माणसाबद्दल बोलतो. डॉ. नोशीर वाडिया. जन्म १९२५, सुरतेचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढे लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम. मेंदूचे डॉक्टर आणि आडनाव ब्रेन! (हशा) १९५७ ला परतले आणि जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा केला. पद्मभूषण वगैरे तुम्ही वाचलं असेलच.

माझं म्हणणं एकच आहे: असा आजार आधी माणसात आणि त्याच्या घरात शोधावा लागतो, मग यंत्रात.

काही माणसांचा चालताना तोल जातो, जीभ जड होते. असा माणूस रस्त्यानं निघाला की लोक म्हणतात, ‘सकाळीच घेतली वाटतं.’ हसू नका. थेंबाला न शिवलेल्या माणसाला हे आयुष्यभर ऐकावं लागतं. वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी अशा रुग्णांचे डोळे नीट पाहिले. आता सगळ्यांनी एक करा. दोन्ही हातांची बोटं समोर धरा, अशी लांब लांब. मान न हलवता नजर या बोटावरून त्या बोटावर टाका. मधल्या रांगेतले काका, मान हलली! (हशा) पुन्हा करा. नजर चिमणीसारखी टुणकन उडते की नाही? या रुग्णांची नजर उडत नाही, सरपटत जाते. नजरेला झटका देणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्यात असतात, त्याच झिजलेल्या. मग माणूस मान फिरवून काम भागवतो, आणि घरच्यांना वाटतं, सवयच आहे त्याची. हे बघायला दोन बोटं पुरली. सीटी स्कॅन तेव्हा वापरात आलेलाच नव्हता.

मागून कुणी विचारतंय, मग एमआरआय करू नये का? करा ना! मी यंत्रांचा वैरी नाही. पण हा आजार घराण्यात चालतो, हे घरातलं विचारल्यावर कळतं. वाडिया-स्वामींनी नऊ कुटुंबांची हकीकत १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली. त्यामागचा जनुक १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावर सापडला. आज या आजाराला एससीए-२ म्हणतात.

आणि इथे आपलं काय चुकतं, ते स्पष्ट बोलतो. आपण वंशावळ काढतो ती शेताच्या वाटणीसाठी. आजा, बाप, चुलता, पुतण्या. लेकी त्यात कुठे असतात? सासरी गेली की नाव गळालं. पण हा आजार लेक आणि लेकात भेद करत नाही. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. आत्याच्या घरी काय झालं हे माहीत नसेल, तर अर्धा आजार झाकलेलाच राहिला. शिवाय पुढच्या पिढीत तो लवकर गाठू शकतो. बापाला चाळिशीत लागला, तो पोराला पंचविशीतही लागतो. लोक म्हणतात, शाप आहे. शाप नाही हो, जनुकातली तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा लिहिली गेली आहेत.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, पार्किन्सनचं राहू द्या.

झीज थांबवणारं औषध या आजारावर अजून नाही. व्यायामानं तोल आणि सरावानं बोलणं काही काळ सावरतं. फुलसावंगीहून मोठ्या दवाखान्यात निघाल, तेव्हा रिपोर्टांच्या पिशवीत एक कागद ठेवा. आजी, मामा, आत्या, मावशी, त्यांची मुलं; कोण कोणत्या वयात अडखळायला लागलं, ते लिहा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी तो त्यांच्या हातात द्या.