झाकण कसं उघडतं?

गोव्यातल्या पेडण्यात हरमल-मोरजीची खारी हवा, डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आणि दोन्हीकडे पावसाच्या तोंडावर विजांचा कडकडाट. रस्त्यावरच्या दिव्याला हे सगळं सोसायचं असतं.

5 जानेवारी 2015 रोजी केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि सोडियमच्या पिवळ्या उजेडाची जागा एलईडी घेऊ लागला. वीज वाचली, हे खरंच. पण ‘एलईडी गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा एलईडी शाबूत असतो. गेलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला बेताचा प्रवाह पुरवणारी छोटी पेटी. तिच्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो, नाहीतर विजेच्या झटक्याने जळतो. दिव्याचं झाकण स्क्रूचं असेल तर लाइनमन शिडीवरच पेटी बदलतो. ते चिकटवून बंद केलेलं असेल, तर अख्खा दिवा भंगारात!

झाकण कसं असेल, याचा निकाल खांबावर नव्हे, निविदेतच लागतो. नुसती किंमत पाहिली की खरेदी स्वस्त दिसते. शिडी, गाडी, माणसं यांचा खर्च मागाहून, दुसऱ्याच खात्यात पडतो. ड्रायव्हर सुटा निघावा, झटका झेलणारा सर्ज प्रोटेक्टर असावा, स्क्रू न गंजणारे असावेत, सुटे भाग मिळत राहावेत, एवढं तरी निविदेत लिहून घ्यावं. रात्री 11 तास धरले तर वर्षाचे सुमारे 4,000 तास होतात. 50,000 तासांचा म्हणून घेतलेला दिवा 12 वर्षं चालायला हवा.

ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघाला, तर नमुना मागवा आणि झाकण तिथंच उघडून बघा.