शुद्ध पाणी आणि तांब्याचा कण



कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस पोवळ्यांच्या मत्स्यालयावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. परंतु हा विषय आम्हांला कसब्यातच, तांबट आळीत सापडला.

त्या आळीत पेशवाईपासून तांब्याचा पत्रा ठोकला जातो. त्या भांड्यातले रात्रीचे पाणी आपण सकाळी श्रद्धेने पितो. आंबट पदार्थ मात्र कल्हईवाचून तांब्यात कोणी ठेवीत नाही. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र वाचले नव्हते, पण तांबे उतरते हे त्यांना पक्के ठाऊक होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबे असावे, आणि दुसरे पाणी मिळत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. माणसाला ते सोसते. खुल्या समुद्रात मात्र तांबे लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी, म्हणजे आपल्या ०.०५ च्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी असते. त्या पाण्यात वाढणाऱ्या जिवांना आपले निर्मळ नळाचे पाणीही बाधू शकते. माशांच्या अंगावरचे किडे मारण्यासाठी टाकीत तांब्याचे औषध घालतात. मासे तगतात, पण त्याच टाकीतली पोवळी नि कोळंबी मरतात. आणि नवल असे की, कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम तांबेच करते, जसे आपल्या रक्तात लोह करते. ज्याच्यावाचून ती जगत नाही, त्याचाच कण थोडा जास्त झाला की ती मरते.

मग पाणी शुद्ध करून घेणे आले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते. उडते ते नुसते पाणी, त्यातले द्रव्य मागेच राहते.  रोज नळाचे पाणी ओतून तूट भरली, तर तांबे, फॉस्फेट, सिलिका दिवसेंदिवस साठतच जाणार. म्हणून मत्स्यालयवाले पाणी दाबाने पडद्यातून गाळतात, ज्याला आपण आर.ओ. म्हणतो, आणि पुढे राळेच्या मण्यांतून काढून उरलेसुरले क्षारही उतरवतात.

पण असे कोरे पाणी पोवळ्याच्या कामाचे नाही. त्याचे घर चुन्याचे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम आणि ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असते. हे सारे मिठाच्या मिश्रणातून पुन्हा घालावे लागते. आधी सगळे काढायचे आणि मग मोजून परत घालायचे! सूक्ष्म द्रव्यांच्या रंगीत बाटल्याही बाजारात आहेत. आमचे मत विचाराल तर, पाणी तपासल्यावाचून त्यांतला थेंबही घालू नये. ठरल्या दिवसांनी थोडे पाणी बदलले की मिश्रणातूनच बरेचसे परत येते. जे मोजता येत नाही ते विकणे सोपे असते, हे कारखान्याच्या फाटकावर उभे राहून आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

आता मत्स्यालय सोडून स्वयंपाकघरात येऊ. खडकवासल्याचे पाणी मुळातच कमी क्षारांचे; तरी नळाचे पाणी पिणाऱ्या कितीतरी घरांत तोच पडदा भिंतीवर लागला आहे. एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर मोरीत जाते. ज्या पाण्यातील विरघळलेले घन पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे आर.ओ. बंद करावे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली सांगितले. शहराच्या कडेच्या वस्त्यांत बायामाणसे टँकरपाशी भांडी घेऊन उभी राहतात, तेव्हा आपल्या मोरीतली ही धार आम्हांला सलते. पोवळ्याला त्या यंत्राची गरज आहे. नळाखाली पेला धरणाऱ्या पुणेकराला ती आहे का, हे यंत्र विकणाऱ्यालाच विचारू नका. आधी पाणी तपासून घ्या.

हौशी मंडळींसाठी आणखी एक. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, वाघाच्या पंक्तीला. तेव्हा दुकानदार 'समुद्रातून काढलेले जिवंत पोवळे' म्हणून काही दाखवू लागला, तर पाण्याचा प्रश्न नंतर. आधी दुकानाबाहेर पडावे. आणि ज्यांच्या घरी ते यंत्र लागलेच आहे, त्यांनी सांडणारे पाणी बादलीत धरावे. लादी पुसायला आणि संडासात ओतायला ते उत्तम चालते.