भूमी, पाणी आणि मानवी संस्कृती
(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेले व्याख्यान)



आपल्या खेड्यांत बोलण्याची एक जुनी रीत आहे. जिच्यात पीक येते ती ‘काळी’ आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती ‘पांढरी’. शेताला व वस्तीला मातीच्या रंगावरून नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी भूगोलाचे पाठ्यपुस्तक पाहिलेले नव्हते. परंतु माणसाचे जीवन भूमीशी कसे निगडित आहे, हे त्यांना पुरते उमगले होते. भूगोलाचा मानवी संस्कृतीच्या विकासावर कोणता परिणाम होतो, हा आजचा विषय. त्याचा आरंभ याच दोन शब्दांपासून करणे मला योग्य वाटते.

जगाचा इतिहास शिकविताना आपण मुलांना सांगतो की, प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या. हे खरे असले, तरी एवढे सांगून भागत नाही. नाईलचा पूर अबिसीनियाच्या डोंगरांवरील पावसामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस येई, शेतांवर गाळ पसरवी आणि नेमका पेरणीच्या आधी ओसरे. याउलट तैग्रिस व युफ्रेतिस या नद्यांचा पूर वसंत ऋतूत, पीक हाती येण्याच्या सुमारास येई. त्यामुळे तेथील लोकांना बांध व कालवे यांचा मोठा खटाटोप करावा लागला आणि पुढे त्याच कालव्यांच्या पाण्याने जमिनीत क्षार साचून अनेक शेते नापीक झाली. नदी दोन्हीकडे होती. परंतु नदीचा स्वभाव निराळा, म्हणून माणसाचा उद्योगही निराळा. तेव्हा ‘नदी होती म्हणून संस्कृती झाली’ असे न म्हणता, ‘नदीने प्रश्न घातला आणि माणसाने उत्तर दिले’, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

आता आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी जमीन तयार झाली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळा सरल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी या साठलेल्या ओलीवरच पोसली जाते. ज्वारीने माणसाला भाकरी दिली आणि जनावरांना कडबा दिला. अशी भारी जमीन नांगरण्यास दमदार बैल हवेत. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून देवणी व लाल कंधारी ही गोधने जोपासली. आज ती आपल्याच गावांच्या नावांनी ओळखली जातात. खडकापासून माती, मातीपासून पीक, पिकापासून पशू आणि या सर्वांपासून घराची रीत, अशी ही साखळी आहे.

परंतु हाच पाषाण पाण्याच्या बाबतीत कृपण आहे. अखंड काळ्या खडकात पाणी मुरत नाही. ते मुरमात व खडकाच्या फटींत तेवढे थोडेसे साठते. त्यातच सह्याद्रीच्या शिखरांवर मनमुराद बरसलेले ढग आपल्यापर्यंत येईतो रिते होतात. अशा प्रदेशात वस्ती टिकवावयाची, तर पाणी अडविण्याची विद्या अवगत असलीच पाहिजे. राष्ट्रकूटांच्या काळातील कंधारचा जगत्तुंग समुद्र हा तलाव आणि आपल्या मुलखातील जुन्या बारवा या त्या विद्येच्या साक्षीदार आहेत. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुराचे अधिपती’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

भूगोल जसा पाण्याची व्यवस्था घडवितो, तसाच तो व्यापाराच्या वाटाही आखतो. आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळचे ‘तगर’ ते हेच, असे फ्लीट या संशोधकाने दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठण व तगर यांचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादून अवघड मुलखातून भडोच बंदराकडे नेले जाई. समुद्र शेकडो कोस दूर असूनही तेरच्या उत्खननात रोमन धाटणीच्या वस्तू सापडल्या, त्याचे कारण या वाटा. त्याच तेरच्या मातीवर शतकांनंतर संत गोरोबा कुंभार यांनी मडकी घडविली. एकाच नदीकाठाने व्यापारी, कारागीर आणि संत या तिघांनाही आश्रय दिला.

आपल्या दक्षिणेस व पूर्वेस उंच पर्वताची भिंत नाही. गोदावरी पुढे तेलंगणात जाते. मांजरा तर बालाघाटात उगम पावून कर्नाटक व तेलंगण यांमधून फिरून, पुन्हा उत्तरेस वळून आपल्याच सीमेवर गोदावरीस मिळते. म्हणून देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड मराठीच्या शेजारी सुखाने नांदतात. राज्यांच्या सीमा १९४८, १९५६ व १९६० या वर्षांत बदलत गेल्या. नद्यांनी मात्र आपला मार्ग बदलला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. भूगोलाने सर्वच गोष्टींचा उलगडा होतो, असे मानणे ही चूक ठरेल. उत्तरेतून दक्षिणेकडे जाणारी मोगल सेना १७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी का थांबली, हे नकाशा सांगू शकेल. परंतु श्री गुरू गोविंदसिंगजी यांनी येथेच देह ठेवला आणि हे नगर देशभरातील शिखांचे तीर्थक्षेत्र झाले, ही गोष्ट नकाशाच्या पलीकडची आहे. नदीने घाट दिला. त्यास पावित्र्य माणसांच्या श्रद्धेने दिले.

आता आपल्या काळातील दोन प्रसंग सांगतो. ते आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

पहिला प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ चा. गणेशविसर्जनानंतरच्या त्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही आपल्या घरांची रीत. वैशाखाच्या उन्हात अशी घरे थंड राहत. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ती हवामानास अनुकूल ठरली होती. परंतु जमीन हादरते, हा अनुभव त्या पिढ्यांच्या गाठी नव्हता. उन्हापासून ज्या माळवदाने रक्षण केले, तेच झोपलेल्या माणसांवर कोसळले. यात पूर्वजांचा दोष नाही. भूमीचे ज्ञान कधीही पूर्ण होत नसते; ते सतत वाढवावे लागते, हाच यातील बोध.

दुसरा प्रसंग २०१६ चा. लागोपाठच्या अवर्षणाने मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. अवर्षण हा निसर्गाचा भाग खरा. परंतु त्याच खोऱ्यात ज्वारीची जागा उसाने घेतली, विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या, हा निसर्गाचा भाग नव्हे. पुढच्याच पावसाळ्यात धरण भरले आणि ती गाडी विस्मृतीत जाऊ लागली. विस्मृती हा अवर्षणाहून मोठा धोका आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या मुलांच्या कानी लहानपणापासून एक वाक्य पडते: ‘आपला भाग दुष्काळी, म्हणून आपण मागासलेले.’ हे वाक्य भूगोलाचे नसून निराशेचे आहे, आणि ते शाळेच्या भिंतीबाहेर ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. ज्या मुलखातील कापड रोमन जगाशी जोडलेल्या बंदराकडे जात होते, त्या मुलखाच्या मुलांना त्यांची भूमी शाप म्हणून शिकविता येणार नाही. त्याचबरोबर खोटा अभिमानही नको. जमीन काय देते व काय देत नाही, हे दोन्ही त्यांना स्पष्टपणे कळले पाहिजे.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. मुलांना गावच्या विहिरीवर न्यावे. दिवाळीस व होळीस पाण्याची पातळी दोरीने मोजून वर्गाच्या फळ्यावर मांडावी. शाळेच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला, तो ओढा कोणत्या नदीला मिळतो, याचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. घरच्या आजी-आजोबांना १९७२ चा दुष्काळ व १९९३ चा भूकंप यांविषयी विचारून दहा ओळी लिहून आणावयास सांगावे. जुन्या बारवेच्या पायऱ्या मोजाव्यात. मिसर देशाच्या नाईलचा पाठ त्यानंतर घ्यावा. मग तो पाठ त्यांना परका वाटणार नाही.

काळी आणि पांढरी या दोहोंच्या मध्ये माणूस उभा आहे. काळीने काय पिकवावे आणि पांढरीवर कसले घर बांधावे, हे अखेर त्यालाच ठरवावे लागते. तो निर्णय समजून-उमजून घेणारी पिढी आपल्या वर्गांत आज पाटीपुस्तक घेऊन बसलेली आहे, एवढे स्मरण आपण ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.