डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग



नांदेड-लातूर भागात लग्नसराई सुरू झाली की वरातीपुढे कॅसिओ आणि पॅड वाजवणारी पोरं दिसतात. त्यांच्याच जातकुळीतल्या एका वादकाबद्दल आज बोलायचं आहे. चरणजित सिंग त्यांचं नाव. मुंबईत राहत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, कीबोर्ड वाजवत. गाणं गाजलं की नाव गायकाचं होई, संगीतकाराचं होई. वाजवणाऱ्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावरसुद्धा क्वचितच येई. अशा माणसानं १९८२ साली स्वतःच्या नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि एचएमव्हीनं तो काढला. नाव लांबलचक, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

तो काळ डिस्कोचा होता. १९८० साली ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्यानं लोकांना वेड लावलं होतं, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. सिनेमात जिकडेतिकडे तोच ठेका. सिंग यांच्या मनात आलं, ठेका हाच ठेवावा, तबला बंद करावा आणि वर राग वाजवावेत. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांच्याकडे होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका धरणारं यंत्र आणि टीबी-३०३ नावाचा लहानसा डबा. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून तो डबा बनवला होता. त्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. ही सोय म्हणजे आपली मींडच, हे सिंग यांच्या कानानं ओळखलं. माझ्या मते या अल्बमची सगळी किंमत त्या ओळखण्यात आहे.

रागाला परदेशी वाद्यांशी भिडवणारे ते पहिले नव्हेत. उदयशंकरांचे चिरंजीव आनंद शंकर यांनी १९७० मध्येच सतार, मूग सिंथेसायझर आणि रॉक एकत्र आणलं होतं, अगदी रोलिंग स्टोन्सचं गाणंही सतारीवर वाजवलं होतं. तिथे रॉकच्या गाण्याला सतारीचा रंग मिळाला. सिंग यांच्याकडे गादीवर राग बसला आणि यंत्रं साथीला आली. आधी ठेक्याविना संथ स्वर, थोडी आलापी, मग ठेका सुरू.  अल्बममध्ये ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी.

पाच मिनिटांत राग काय उभा राहणार, असं जाणकार म्हणतील. त्यांना मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या रेकॉर्डी आठवायला सांगेन. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत, आणि तेवढ्यात त्यांनी राग उभा केला. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. यंत्राचा ठेका जरासुद्धा हलत नाही, समेवर येण्याची वाट पाहायला लावत नाही. मालकंसासारख्या भारदस्त रागाला तो बोचतो. कलावतीला मात्र तो छान मानवतो.

यंत्रावर राग वाजतच नाही, हे मत मला पटत नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यावर मींड नाही आणि श्रुती नाहीत. जवळपास तीस वर्षं ही बंदी राहिली. ती हार्मोनियमही युरोपातूनच आलेली. आज वारकरी कीर्तनात पेटी नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. इथे नांदेडात तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रागी जथे पेटी घेऊनच गुरबाणी गातात, आणि गुरू ग्रंथ साहिबाची रचना तर ३१ रागांत बांधलेली आहे. पेटीला जे जमत नव्हतं, तेच जमवणारं यंत्र सिंग यांनी हाती घेतलं होतं.

पण तेव्हा अल्बम कुणी घेतला नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं सापडलं नाही, शास्त्रीयवाल्यांना तबला सापडला नाही. तिकडे तो टीबी-३०३ डबाही बाजारात पडला आणि १९८४ साली कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं. मग जुन्या सामानात स्वस्तात मिळालेले हेच डबे शिकागोच्या पोरांच्या हाती लागले. १९८७ मध्ये फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड आली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत जगभर पसरलं.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सिंग यांची जुनी रेकॉर्ड सापडली. त्यांनी मुंबईत सिंग यांना गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा काढली. युरोपातले श्रोते चक्रावले. कुणी तरी हल्लीच बनवून जुन्या तारखेनं खपवलंय, असाही संशय घेतला गेला. मग सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपच्या रंगमंचांवर उभे राहिले आणि तिथली तरुण मुलं रागांवर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

शिकागोच्या पाच वर्षं आधी हा अल्बम झाला, म्हणून सिंग यांचं कौतुक होतं. त्या कौतुकात राग मागे पडतो याचं मला वाईट वाटतं. शिकागोत काय होणार आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना मालकंस ठाऊक होता.

हे ध्वनिमुद्रण आता सहज मिळतं. आधी ललत लावा. त्यात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात. त्या दोन मध्यमांमधून स्वर कसा सरकतो, तेवढं कान देऊन ऐका. आवडलं नाही तर पुढची मधुवंती ऐकून पाहा, आणि मग ठरवा.