शत्रूच्या दारीं

युद्ध पेटलें म्हणजे माणसाच्या दयेलाही सीमा पडते. आपल्या पक्षाचा जखमी तो वीर, आणि शत्रूचें उपाशी मूल हा युद्धाचा अपरिहार्य परिणाम, असें सज्जनही बोलूं लागतात. ही सीमा ओलांडणाऱ्या स्त्रियांत एमिली हॉबहाउस यांचें नांव आदरानें घ्यावें लागेल.

१८६० सालीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. आजारी वडिलांच्या शुश्रूषेंत त्यांचें तारुण्य सरलें. पुढें दक्षिण आफ्रिकेंत ब्रिटिश आणि बोअर यांचें युद्ध जुंपलें. बोअरांचीं घरें व शेतें जाळून ब्रिटिश सैन्यानें त्यांचीं बायकामुलें छावण्यांत कोंडलीं. मदतीचें सामान घेऊन मिस हॉबहाउस १९०१ च्या जानेवारींत ब्लुमफाँटेनच्या छावणींत पोंचल्या. तापलेले तंबू, त्यांतील दाटी, अपुरें पाणी आणि आजारी मुलें त्यांनीं पाहिलीं. साबणासारखी साधी वस्तूही शिध्यांत नव्हती. इतर छावण्या पाहून त्या परतल्या, तों तेथील वस्ती जवळजवळ दुप्पट झालेली! आपल्या कपड्यांच्या गांठोड्यांनीं हें दुःख निवारणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें आणि लंडन गांठलें.

जूनमध्यें त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वदेशांत त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप झाला. तथापि सरकारला मिलिसंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं स्त्रियांचें चौकशीमंडळ पाठवावें लागलें. त्या मंडळालाही दुर्दशा नाकारतां आली नाहीं. सुधारणा झाल्या, मृत्यूंचें प्रमाण उतरलें. मात्र ऑक्टोबरांत मिस हॉबहाउस पुन्हां केपटाउनला गेल्या, तेव्हां त्यांना बोटीवरून उतरूं न देतां बळानें परत धाडण्यांत आलें. या छावण्यांत सुमारें २६,००० बोअर स्त्रिया व मुलें दगावलीं.

कृष्णवर्णीयांच्या छावण्या निराळ्या होत्या, आणि तेथेंही सहस्रावधि माणसें मेलीं. त्यांची चौकशी व्हावी असें मिस हॉबहाउस यांनीं सुचविलें. पण त्या स्वतः तेथें गेल्या नाहींत. ही उणीव झांकण्याचें कारण नाहीं. त्यांची दृष्टि पुढें विस्तारली, हेंही तितकेंच खरें. १९१३ सालीं ब्लुमफाँटेन येथें मृतांच्या स्मारकाचें उद्घाटन झालें. आजारपणामुळें त्यांना तेथें पोंचतां आलें नाहीं; पाठविलेल्या भाषणांत मात्र त्यांनीं बोअरांनाच बजावलें कीं, जें स्वातंत्र्य तुम्हांस प्रिय, तें इतरांना नाकारूं नका. त्याच सुमारास हिंदी लोकांचा सत्याग्रह चालू होता. गांधींशीं बोलणीं करावीं, असें त्यांनीं जनरल स्मट्स यांना आग्रहानें लिहिलें.

पहिल्या महायुद्धानंतर त्याच बाई जर्मनींतील लाइपझिग शहरीं उपाशी शाळकरी मुलांना जेवूं घालीत होत्या. जर्मनी म्हणजे पुन्हां शत्रूचेंच दार!

१९२६ सालीं त्या लंडन येथें वारल्या. त्यांची रक्षा मात्र ब्लुमफाँटेनच्या त्या स्मारकाच्या पायथ्याशीं विसावली आहे. ज्यांना त्यांच्या देशानें शत्रु मानलें, त्यांनींच ती आपल्या मृतांजवळ ठेविली.